क्षमायाचनेनंतरचे प्रायश्चित्त

२५ जुलै २०२२ रोजी कॅनडातील मास्कवासिस येथे दिवंगत पोप फ्रान्सिस महोदयांनी तेथील मूळ रहिवाशांची जाहीर क्षमा मागितली. सुमारे दीड लाख मुलांना आईवडिलांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवण्यात आले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्था चालवीत असत. मातृभाषेत बोलल्याबद्दल तेथे शिक्षा होई. अनेक मुले घरी परतलीच नाहीत.

चाकांच्या खुर्चीतून आलेल्या वृद्ध पोपमहोदयांचे ते शब्द ऐकताना अनेकांचे डोळे पाणावले. तरीही या शाळांची चौकशी केलेल्या सत्यशोधन व समेट आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर यांनी एक उणीव दाखविली: दोष अनेक ख्रिस्ती व्यक्तींचा म्हणून सांगितला गेला, संस्था म्हणून ख्रिस्तसभेचा वाटा पुरता कबूल झाला नाही. हा आक्षेप कटू असला तरी आपल्याला समजण्याजोगा आहे. पापनिवेदनास गुडघे टेकल्यावर ‘आमच्या घरातील काही जणांकडून चूक झाली’ असे आपण म्हणत नाही.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार पश्चात्तापी व्यक्तीकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात: मनापासून पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई. पहिल्या दोहोंविषयी प्रवचने पुष्कळ होतात. तिसरी मात्र पापनिवेदनानंतरच्या दोन प्रार्थनांत उरकली जाते. जक्कयाने प्रभूसमोर नुसते अश्रू ढाळले नव्हते. लुबाडलेले चौपट परत करीन, असा आकडाच त्याने सांगितला होता.

कॅनडात आकड्यांची कहाणी लाजिरवाणी आहे. २००६ च्या समझोत्यानुसार कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर उभारण्याचा प्रयत्न करायचा होता. चाळीस लाखही जमले नाहीत आणि २०१५ मध्ये न्यायालयीन निर्णयाने त्या संस्था या दायित्वातून मुक्त झाल्या. कायद्याने सुटका झाली, विवेकबुद्धीने नाही. २०२१ मध्ये कॅनडाच्या बिशपांनी क्षमा मागून पाच वर्षांत तीन कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले, ते या पार्श्वभूमीवर.

१५ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकन संग्रहालयातील ६२ वस्तू कॅनडाच्या बिशपांच्या स्वाधीन केल्या. १९२५ च्या मिशनरी प्रदर्शनासाठी त्या रोमला नेण्यात आल्या होत्या. इनुविआलुइट लोकांची एक होडीही त्यांत आहे. व्हॅटिकनच्या निवेदनात या वस्तूंना ‘भेट’ म्हटले आहे. त्या वस्तू मुळात खुशीने दिल्या गेल्या होत्या काय, यावर दीर्घकाळ वाद आहे. ज्यांच्या पूर्वजांची ती होडी, ते ‘भेट’ म्हणत नाहीत. ‘आमचे घरी परत आले’ अशी त्यांची भावना आहे.

शब्दाचा हा घोळ राहिला असला, तरी डिसेंबरमध्ये पेट्या मॉन्ट्रियलला पोहोचल्या. कोणती वस्तू कोणत्या समाजाची, हे आता तेथील वडीलधारी मंडळीच सांगतील.