ब्रेकचें काम घरीं करावें काय ?

मोटार धुणें, पुसणें, टायरांत हवा भरणें एवढीं कामें घरच्या घरीं करण्यास कोणाची हरकत नसते. परंतु पुढच्या चाकांचे ब्रेक-पॅड आम्ही स्वहस्तें बदलतों असें सांगितलें कीं ऐकणाराच्या कपाळास आठ्या पडतात. "ब्रेक म्हणजे कांहीं खेळ नव्हे," असें एका पालकांनीं आम्हांस नुकतेंच बजावलें. त्यांचें म्हणणें अगदीं खरें आहे. मात्र तेवढ्यासाठीं तिकडे पाहूंच नये असा जो निष्कर्ष ते काढतात, तो आम्हांस मान्य नाहीं.

आधीं वस्तु काय आहे तें पाहूं. चाकाबरोबर एक बिडाची तबकडी फिरत असते व तिच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. पायानें ब्रेक दाबला म्हणजे नळींतील ब्रेक-ऑइलचा दाब कॅलिपरमधील दट्ट्यावर येतो आणि दोन्ही पॅड तबकडीस चिमट्याप्रमाणें धरतात. गाडीच्या वेगाची उष्णता होते व पॅड कणाकणानें झिजतो. ब्रेक लागतांना गाडीचा भार पुढें झुकतो, म्हणून पुढच्या चाकांच्या ब्रेकांस श्रम अधिक पडतात. नव्या पॅडचा थर सुमारें १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला कीं पॅड बदलावा. पुष्कळ पॅडांना पत्र्याची एक जीभ असते. थर संपत आला म्हणजे ती तबकडीस घासून किंचाळूं लागते. हें किंचाळणें कानीं येतांच गाण्याचा आवाज वाढविणारे गृहस्थही आमच्या पाहण्यांत आहेत !

ही विद्या फार जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बर्था बेंझ ही बाई आपल्या पतीनें बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, आपल्या माहेरीं निघाली. बरोबर तिचे ऑयगेन व रिखार्ड हे दोन मुलगे होते. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. आणि ब्रेकचे लांकडी ठोकळे निकामी होऊं लागले, तेव्हां वाटेंत जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. हातोडी कारागिराची होती. पण काय हवें आहे हें बाईंना कळलें होतें आणि मुलगे जवळ उभे राहून पाहत होते. आमचा आग्रह आहे तो एवढ्याचाच. ज्या गाडींत बसून मुलें शाळेंत येतात ती कशानें थांबते, हें त्यांनीं एकदां तरी डोळ्यांनीं पाहावें.

आतां आमच्या पहिल्या खेपेची हकीकत सांगणें प्राप्त आहे. नवे पॅड जुन्यांहून जाड असतात, म्हणून दट्ट्या मागें दाबून त्यांस जागा करावी लागते. मग पॅड तबकडीस येऊन भिडेपर्यंत पेडल कित्येक वेळां दाबावें लागतें. हें आम्हीं वाचलेलें होतें. तरीही काम उरकल्याच्या आनंदांत हात धुतले, गाडी सुरू केली आणि अंगणाच्या उतारावर सोडली. समोर आमचा धाकटा मुलगा फाटक धरून उभा होता. पेडल दाबलें तें थेट तळाला गेलें. हँडब्रेकची व्यवस्था निराळी, मागच्या चाकांवर असते. तो ओढला म्हणून गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या दिवशीं आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं.

त्यानंतर कांहीं महिने आम्हांसही वर सांगितलेल्या पालकांचेंच मत पटत होतें. विचारान्तीं असें दिसलें कीं चूक अज्ञानाची नव्हती, घाईची होती. आणि घाई गॅरेजमध्येंही होऊं शकते, फक्त ती आपल्याला दिसत नाहीं.

म्हणून ज्यांस सवड व धीर आहे त्यांनींच हें काम हातीं घ्यावें. विद्यार्थ्यांनीं तर तें एकट्यानें मुळींच करूं नये. गाडी सपाट जागीं उभी करावी, हँडब्रेक ओढावा व मागच्या चाकांना विटांची उटी द्यावी. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे; गाडी उचलतांच तिच्याखालीं भक्कम लोखंडी स्टँड ठेवावा. काढलेलें चाकही खालीं आडवें सारावें. सोडविलेला कॅलिपर नळीवर लोंबूं देऊं नये, तारेनें वर बांधावा. एका बाजूचें काम पुरें झाल्यावांचून दुसरी बाजू खोलूं नये. मात्र पॅड दोन्ही बाजूंचे बदलावे. दट्ट्या हळूहळू दाबावा व ऑइलच्या भांड्यावर नजर ठेवावी, कारण तें ऑइल उतूं जाऊन रंगावर पडलें तर रंग जातो. काळी भुकटी तोंडानें फुंकूं नये. पूर्वींच्या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि आजचीही भुकटी फुप्फुसांच्या कामाची नाहीं. ओल्या फडक्यानें पुसावी. नट-बोल्ट गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावे.

ऑइल झिरपतांना दिसलें, तबकडीस चीर किंवा खोल चरे आढळले अथवा दट्ट्या मागें जाईना, तर तेथेंच थांबून मिस्त्रीस बोलवावें. त्यांत कमीपणा नाहीं. मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल ही भीतिही व्यर्थ आहे. स्वतःचे हात एकदां काळे झालेला मनुष्य मजुरीसाठीं त्याच्याशीं घासाघीस करीत नाहीं, हा आमचा अनुभव आहे.

आमच्या घरीं आतां किल्ली धाकट्याच्या ताब्यांत असते. चाकें बसलीं कीं तो आंत बसून पेडल दाबतो, मोठ्यानें आंकडे मोजतो आणि "कठीण लागलें" असें म्हणाल्यावरच किल्ली आमच्या हातीं देतो. मागच्या खेपेस त्यानें ती दोनदां परत मागून घेतली.