गंगेच्या वाटणीत माशाचा वाटा किती?

गंगेच्या पाणीवाटपासंबंधी भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी झालेल्या कराराची मुदत तीस वर्षांची असून ती डिसेंबर २०२६ मध्ये पूर्ण होते. तत्कालीन पंतप्रधान एच. डी. देवेगौडा आणि बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी या करारावर स्वाक्षऱ्या केल्या होत्या. जून २०२४ मध्ये हसीना यांच्या दिल्लीभेटीत कराराच्या नूतनीकरणासाठी तांत्रिक पातळीवर चर्चा सुरू करण्याचे उभय देशांनी जाहीर केले. पश्चिम बंगालच्या तत्कालीन मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी राज्याला विश्वासात न घेतल्याबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहून नाराजी कळवली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला. या घडामोडींमुळे कराराच्या राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली. नदीत प्रत्यक्ष किती पाणी राहावे, धरणांत किती साठवावे आणि नदीवर जगणाऱ्या माशांसाठी काय राखून ठेवावे, हा प्रश्न मात्र या चर्चेत मागेच राहिला.

कोणत्याही नदीच्या व्यवस्थापनात हे तीन हिशेब एकमेकांत गुंतलेले असतात. गंगेच्या बाबतीत ते एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर मुर्शिदाबाद जिल्ह्यातील फराक्का बंधाऱ्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

बंधारा कशासाठी, मासा कुठे गेला

फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची लांबी सुमारे सव्वादोन किलोमीटर असून त्याला १०९ दरवाजे आहेत. येथून निघणारा सुमारे ३८ किलोमीटर लांबीचा जोडकालवा ४० हजार क्युसेक पाणी भागीरथी-हुगळीकडे वळवू शकतो. गाळाने भरत चाललेले कोलकाता बंदर जिवंत ठेवणे हा या प्रकल्पाचा मुख्य हेतू होता. पश्चिम बंगालमधील अभियंता कपिल भट्टाचार्य यांनी बंधाऱ्याच्या दुष्परिणामांचा इशारा बांधकामापूर्वीच दिला होता. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस साचणाऱ्या गाळामुळे पुराचा धोका वाढतो, अशी तक्रार बिहारने पुढे सातत्याने केली. २०१७ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी बंधारा हटवण्याची मागणीही केली होती.

गाळ आणि पूर यांची निदान चर्चा तरी झाली. हिलसा माशाच्या वाट्याला तेवढीही चर्चा आली नाही. बंगालीत इलिश म्हणून ओळखला जाणारा हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्यात शेकडो किलोमीटर वर येतो. पिल्ले नदीत काही महिने वाढून पुन्हा समुद्राकडे परततात. बंधारा होण्यापूर्वी हिलसा अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, आणि त्याच्याही वर कानपूर, आग्र्यापर्यंत पोहोचत असे. १९७५ नंतर फराक्काच्या वरच्या गंगेत त्याची पकड झपाट्याने घटत गेली आणि बिहार व उत्तर प्रदेशातील मच्छीमारांचा एक मोठा हंगामी आधार नाहीसा झाला. बंधाऱ्यात माशांच्या ये-जा करण्यासाठी दोन जलपाश ठेवण्यात आले होते. पण त्यांचा अपेक्षित उपयोग झाला नाही. सामन मासा उड्या मारत पायऱ्या चढतो, तशी सवय हिलसाला नाही. त्याला खोल आणि सलग वाहते पाणी लागते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. जोडकालव्याने हुगळीत आणलेल्या पाण्यामुळे तेथील खारेपणा कमी झाला आणि गोड्या पाण्याचा पट्टा समुद्राच्या दिशेने वाढला. अंडी घालण्यास योग्य अशा जागा हुगळीच्या खालच्या भागात त्यामुळे टिकून राहिल्या. म्हणजेच ज्या पाण्याने बंदर जगले, त्याच पाण्याने हुगळीतील हिलसालाही हातभार लावला. नुकसान झाले ते वरच्या गंगेचे, आणि कोरड्या ऋतूत पद्मेचे.

आकड्यांतील पोकळी

१९९६ च्या कराराची मांडणी आकडेवारीवर आधारलेली आहे. दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मे या काळात दर दहा दिवसांचा हिशेब केला जातो. फराक्का येथे प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असल्यास पाणी निम्मे-निम्मे वाटले जाते. ७० ते ७५ हजार क्युसेक असल्यास बांगलादेशला ३५ हजार आणि उरलेले भारताला मिळते. ७५ हजारांच्या वर भारत ४० हजार घेतो व बाकीचे पाणी खाली जाते. ११ मार्च ते १० मे या टंचाईच्या काळात दोन्ही देशांना दहा दिवसांआड ३५ हजार क्युसेकची हमी आहे. प्रवाह ५० हजार क्युसेकच्या खाली गेल्यास दोन्ही सरकारांनी तातडीने विचारविनिमय करावा, असेही कलम आहे. वाटपाचे तक्ते १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरी प्रवाहावर बेतलेले आहेत.

या वाटणीत दोन पक्ष आहेत. नदीला स्वतःचा असा तिसरा वाटा त्यात नाही. पन्नास हजार क्युसेक आले आणि ते निम्मे-निम्मे वाटले की करारापुरता हिशेब पूर्ण होतो.

देशांतर्गत पातळीवर मात्र नदीचा वाटा कायद्याने मान्य झाला आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेच्या किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. गंगेसाठी दीर्घ उपोषण करणारे ज्येष्ठ अभियंता प्रा. जी. डी. अग्रवाल यांचे निधन त्याच सुमारास, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. अधिसूचनेनुसार उगमापासून हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च या काळात सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत २५ टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत सोडणे बंधनकारक आहे. हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली पावसाळ्याखेरीजच्या काळात दर सेकंदाला ३६ घनमीटर आणि पावसाळ्यात ५७ घनमीटर प्रवाह राखायचा आहे. बिजनौर, नरोरा व कानपूर येथे हे प्रमाण अनुक्रमे २४ व ४८ घनमीटर आहे.

हे आकडे कराराच्या भाषेत बदलून पाहिल्यास त्यांचे खरे मोल कळते. ३६ घनमीटर म्हणजे सुमारे १,२७० क्युसेक, तर २४ घनमीटर म्हणजे सुमारे ८५० क्युसेक. हरिद्वारहून निघणाऱ्या, १८५४ मध्ये सुरू झालेल्या वरच्या गंगा कालव्याची क्षमता सुमारे साडेदहा हजार क्युसेक आहे. किमान प्रवाहाला कायद्याची मान्यता मिळाली हे पाऊल मोठेच. तथापि कालव्याच्या मानाने नदीचा वाटा किती लहान आहे, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

याहून महत्त्वाची बाब नकाशावर दिसते. २०१८ ची अधिसूचना उन्नावपर्यंत लागू आहे. १९९६ चा करार फराक्का येथे सुरू होतो. प्रयागराज, वाराणसी, पाटणा, भागलपूर हा मधला संपूर्ण प्रवाहमार्ग या दोहोंच्याही बाहेर राहतो. हिलसाचा जुना मार्ग नेमका हाच होता.

साठा आणि वेळ

आता साठ्याचा प्रश्न. फराक्का हा साठवणीचा प्रकल्प नाही. तेथे पाणी केवळ वळवले जाते. गंगेच्या वरच्या भागात मोठा साठा आहे तो टिहरी धरणात. २६० मीटर उंचीच्या या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे २.६ अब्ज घनमीटर आहे. पावसाळ्यात भरून घेतलेले हे पाणी वीजनिर्मिती, सिंचन आणि दिल्लीसह अनेक शहरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी वर्षभर सोडले जाते. धरणात पाणी आहे म्हणजे कोरड्या ऋतूत नदीलाही पाणी मिळेल, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात सोडलेल्या पाण्यापैकी बराच भाग हरिद्वार आणि नरोरा येथे कालव्यांत वळतो. शिवाय विजेच्या मागणीनुसार दिवसातून काही तासच पाणी सोडले, तर दैनिक सरासरी पूर्ण होऊनही नदी काही तास उथळ राहते. माशाला सरासरीचा उपयोग नसतो. त्याला त्या घटकेला किती पाणी आहे यावर जगावे लागते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. सॅक्रामेंटो नदीवरील शास्ता धरणाखाली हिवाळ्यात येणारे चिनूक सामन मासे उन्हाळ्यात अंडी घालतात. त्यांना थंड पाणी लागते. जलाशयाच्या तळाचे थंड पाणी निवडून सोडता यावे म्हणून १९९७ मध्ये धरणावर खास यंत्रणा बसवण्यात आली. तरीही २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात थंड पाण्याचा साठा अपुरा पडला आणि त्या दोन्ही वर्षी बहुतांश अंडी व पिल्ले नष्ट झाली. वसंत ऋतूत शेतीला किती पाणी द्यायचे, याचा निर्णय शरद ऋतूत मासे जगणार की नाही हे ठरवतो, हा धडा त्यातून मिळाला. म्हणजे जलाशयातील साठा हा माशाचा शत्रू असतोच असे नाही. पाणी कोणासाठी, कधी आणि कोणत्या स्थितीत राखून ठेवले आहे, यावर सारे अवलंबून असते.

उपाय कितपत महाग?

हिलसाची नदीत येण्याची मुख्य वेळ पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये असते. करारातील वाटप जानेवारी ते मे या काळापुरते आहे. त्यामुळे मोठ्या माशांना वर जाऊ देण्यासाठी कोणाच्याही वाट्याचे टंचाईतील पाणी कमी करावे लागत नाही. तेथे अडचण पाण्याची नसून दरवाजांच्या रचनेची व त्यांच्या वेळापत्रकाची आहे. २०१९ मध्ये जहाजवाहतूक मंत्रालयाने फराक्का येथील नव्या जलपाशाचे दरवाजे मध्यरात्रीनंतर एक ते पाच या वेळेत आठ मीटरपर्यंत उघडे ठेवण्याची योजना जाहीर केली होती, ती याच विचारातून. बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था बंधाऱ्याखालील हिलसा पकडून वरच्या बाजूस सोडण्याचे काम करते. काही माशांना खूण करून त्यांचा मागही घेतला जातो.

मोठ्या माशांची वाट मोकळी केली तरी काम निम्मेच होते. पिल्ले समुद्राकडे परततात ती हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमकी कराराच्या टंचाईकाळात. त्या वेळी मधल्या पट्ट्यात पुरेसे वाहते पाणी नसेल, तर वर घातलेली अंडी वाया जातात. माशाचा खरा वाटा येथे मागावा लागतो आणि येथेच शेती, शहरे व बंदर यांच्याशी त्याची स्पर्धा होते.

बांगलादेशाने या माशाचे आर्थिक मोल ओळखून पावले उचलली आहेत. तेथील हिलसाचे वार्षिक उत्पादन पाच लाख टनांच्या घरात आहे. ऑक्टोबरच्या सुमारास २२ दिवस मासेमारी बंद असते आणि २५ सेंटिमीटरहून लहान पिल्ले धरण्यास कित्येक महिने मनाई असते. पश्चिम बंगालनेही २०१३ मध्ये २३ सेंटिमीटरहून लहान हिलसा पकडण्यास बंदी घातली. दुर्गापूजेच्या सुमारास कोलकात्याचे लक्ष ढाक्याच्या निर्यात-परवान्याकडे लागते. २०२४ मध्ये बांगलादेशाने तीन हजार टनांना परवानगी दिली होती, तर २०२५ मध्ये बाराशे टनांना. एकेकाळी गंगेतून प्रयागपर्यंत चढणारा मासा आता राजनैतिक संबंधांचा मापदंड बनला आहे.

हा प्रश्न गंगेपुरता मर्यादित नाही. सिंधमध्ये पल्ला या नावाने ओळखला जाणारा हाच मासा १९५५ च्या कोटरी बंधाऱ्यानंतर सिंधू नदीच्या मुखाजवळच अडकला. महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेतही हिलसा येतो. सरदार सरोवरामुळे खालचा प्रवाह घटला. आता भरूचजवळ भाडभूत येथे बंधारा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. समुद्राचे खारे पाणी रोखणे आणि गोड्या पाण्याचा साठा करणे हे त्याचे उद्देश आहेत. दोन्ही उद्देश रास्त आहेत. तेथील मच्छीमारांची भीतीही तितकीच रास्त आहे. फराक्काचा अनुभव पन्नास वर्षांचा असताना नदीमुखावर माशांचा मार्ग आधी आखायचा की नंतर शोधायचा, हे ठरवणे अवघड नसावे.

गंगेच्या नव्या करारासाठी काही गोष्टी सहज सुचवता येतील. वाटपाचे तक्ते १९८८ नंतरच्या प्रवाहावर आधारलेले असावेत. दोन देशांत वाटणी करण्यापूर्वी नदीसाठी ठरावीक प्रवाह बाजूला काढला जावा. उन्नाव ते फराक्का या पट्ट्यासाठी देशांतर्गत किमान प्रवाह निश्चित व्हावा. टिहरीसारख्या जलाशयातून पाणी सोडताना दिवसाच्या सरासरीसोबत तासागणिक किमान पातळी पाहिली जावी. फराक्काचे दरवाजे माशांसाठी कधी व किती उघडले, याची नोंद पाण्याच्या नोंदीप्रमाणेच नियमित प्रसिद्ध व्हावी. पाणी मोजण्याची शिस्त दोन्ही देशांनी तीस वर्षांत अंगी बाणवली आहे. फराक्का आणि हार्डिंज पूल येथे संयुक्त पथके टंचाईच्या काळात प्रवाहाची नोंद ठेवत आली आहेत. त्याच नोंदवहीत माशासाठी एक रकाना वाढवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. तो वाढवायचा की नाही, हा निर्णय मात्र दोन्ही राजधान्यांना घ्यावा लागेल.