लाल कॅलिपरचे दागिने

परवा एका मित्राने त्याच्या गाडीचा फोटो पाठवला. रोज ऑफिसला नेतो तीच गाडी, पण आता चाकांच्या आत चकचकीत लाल रंगाचे मोठे कॅलिपर आणि भोकं पाडलेल्या डिस्क. खाली एक ओळ, "आता ट्रॅकला रेडी!" मी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंस?" उत्तर आलं, "ते बदलायचं असतं?"

तर मंडळी, आजचा राग यावर आहे.

(आत्या, तू वाचते आहेस हे माहीत आहे. "घरच्या गाडीने शर्यती कसल्या खेळता रे?" हे तू फोनवर विचारून झालेलं आहे. शर्यत नसते गं ती. इथे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी मनसोक्त पळवायची. भर रस्त्यात पळवण्यापेक्षा हे बरं, नाही का?)

पहिला गैरसमज असा की मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबते. अहो, शेवटी रस्त्याला धरतात ते टायर! चाकं लॉक करण्याची ताकद कंपनीच्या ब्रेकमध्ये आधीच असते, म्हणून तर एबीएस लागतं. टायर गुळगुळीत झालेले असतील तर कॅलिपर सोन्याचा लावला तरी गाडी घसरणारच.

ट्रॅकवरचा खरा शत्रू उष्णता. माझी गाडी माझ्यासकट साधारण १२०० किलो. १५० च्या वेगावरून ७५ वर आणली की वेग निम्मा होतो, पण ऊर्जा पाऊण जाते. ती जाते ब्रेकमध्ये, आणि ती इतकी असते की दोन लिटरहून जास्त पाण्याला उकळी येईल. हे तीनेक सेकंदांत, आणि प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा. खंडाळ्याचा घाट उतरताना बाबा ओरडायचे, "गिअरवर उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस!" त्यामागचं शास्त्र हेच.

आता ते बिचारं ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात, आणि पायाचा जोर ब्रेकपर्यंत पोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात जातो. हे मी पुस्तकातून नाही शिकलो. पहिल्या ट्रॅक डेला पाचव्या फेरीत, सरळ पट्टा संपताना पेडल मऊ लोण्यासारखं खाली गेलं. दोनतीनदा दाबल्यावर ब्रेक लागला, तोवर मी मातीत होतो. ऑइल तीन वर्षांचं जुनं होतं.

मग मी शहाणपणा केला... म्हणजे त्याहून मोठा मूर्खपणा. पुढच्या वेळी शर्यतीचे पॅड घातले. ट्रॅकवर झकास! आळसाने तसेच ठेवले. सोमवारी सकाळी पावसात मुलीला शाळेत सोडायला निघालो. पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी आपली चाललीच आहे. हे पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत. झेब्रा क्रॉसिंगवर दप्तर घेतलेला एक मुलगा होता. हातभर अंतरावर गाडी थांबली. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून सांगतो, ज्या गाडीत घरची माणसं बसतात तिला ट्रॅकचे ब्रेक कायमचे लावू नका. ट्रॅकआधी जास्त अंशांना उकळणारं ताजं ऑइल भरा. पॅड बदला, नियमाप्रमाणे बसवून घ्या आणि घरी आल्यावर रस्त्याचे पॅड परत लावा. एका दुपारचं काम आहे. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक गार होऊ द्या आणि तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढू नका. एवढं करूनही उष्णता आवरत नसेल तर मोठ्या डिस्कचा विचार जरूर करा. भोकं मात्र नकोत. फार तापवलं की तडे तिथूनच जायला लागतात.

पण हे कुणी करणार नाही. ऑइल फोटोत दिसत नाही ना!

हे सगळं त्या मित्राला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आत्ताच आलं, "ब्रेक ऑइल लाल रंगात मिळतं का?"

असो.