‘परकीय हाता’ची ओरड आणि मागच्या तारखेचा कायदा

नसरापूर पंचक्रोशी, भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील मतदारांसाठी

भारताच्या निवडणुकीत परक्याने पैसा ओतावा याचा संताप प्रत्येक मतदाराला येतो, तो यायलाच हवा, आणि त्यासाठी कोणाची समजूत घालण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून २ कोटी १० लाख डॉलरांचा, म्हणजे सुमारे १८० कोटी रुपयांचा निधी भारतातील मतदान वाढवण्यासाठी ठेवला होता असे जाहीर झाले, तेव्हा प्रत्येक पक्षाने ‘परकीय हात’ दुसऱ्याच्या खिशात असल्याचे छातीठोकपणे सांगितले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनेच अमेरिकी दूतावासाच्या हवाल्याने राज्यसभेला कळवले की, असा निधी २०१४ ते २०२४ या काळात आलाही नव्हता आणि वाटलाही गेला नव्हता. न आलेल्या पैशासाठी एवढा घसा कोरडा करणाऱ्यांनी, येऊ शकणाऱ्या पैशासाठी कायद्यात काय करून ठेवले आहे, एवढाच या पत्रकाचा विषय आहे.

परदेशी देणगी नियंत्रित करणारा पहिला कायदा ५ ऑगस्ट १९७६ रोजी अमलात आला आणि पुढे त्याची जागा २०१० च्या नव्या कायद्याने घेतली. ज्या कंपनीचे अर्ध्याहून अधिक भागभांडवल परदेशी हातांत आहे ती कंपनी ‘परकीय स्रोत’, मग तिची नोंदणी भारतात झालेली असली तरीही, आणि परकीय स्रोताकडून राजकीय पक्षाने एक रुपयाही घ्यायचा नाही, असा दोन्ही कायद्यांचा सरळ दंडक होता. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, देशातील दोन सर्वांत मोठ्या पक्षांनी अशा कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा दंडक मोडल्याचे ठरवले आणि सहा महिन्यांत कारवाई करण्यास सांगितले.

कारवाई झाली, पण ती कायद्यावर. २०१६ च्या वित्त कायद्याच्या कलम २३६ ने ‘परकीय स्रोता’ची व्याख्या बदलली: त्या-त्या क्षेत्रात परदेशी गुंतवणुकीची जेवढी मर्यादा सरकारने घातली असेल, तिच्या आत असलेली कंपनी यापुढे परकीय नाही. अनेक क्षेत्रांत ही मर्यादा शंभर टक्के आहे, म्हणजे जिचा शेवटचा समभागही परदेशात आहे अशी कंपनीसुद्धा देणगीपुरती स्वदेशी झाली. हा बदल २०१० पासून ‘पूर्वलक्षी प्रभावाने’, म्हणजे मागच्या तारखेपासून, लागू केला गेला आणि दोन्ही पक्षांनी सर्वोच्च न्यायालयातील आपापली अपिले मागे घेतली. गंमत अशी की, वादातल्या देणग्या २०१० च्या आधीच्या, जुन्या कायद्याच्या काळातल्या होत्या, त्यामुळे एवढी उठाठेव करूनही पांघरूण तोकडेच पडले. मग मार्च २०१८ मध्ये लोकसभेने चर्चेविना मंजूर केलेल्या वित्त विधेयकातून ही तारीख थेट ५ ऑगस्ट १९७६ वर नेण्यात आली. बांध कोरल्याचा निकाल विरुद्ध गेल्यावर मोजणीचा दगडच उपटून मागे नेऊन रोवावा, त्यातला हा प्रकार आहे. आणि इतर वेळी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांना हा दगड हलवताना कसलीही अडचण आली नाही.

परदेशी देणगीचा हाच कायदा गावपातळीवर कसा वागतो ते पाहावे. या कायद्याने ‘विधिमंडळ’ या शब्दात ग्रामपंचायतही धरली आहे, त्यामुळे नसरापूरच्या एखाद्या वॉर्डातून उभ्या असलेल्या उमेदवाराला परदेशी नागरिक असलेल्या, नात्यात नसलेल्या स्नेह्याने प्रचारासाठी दहा हजार रुपये पाठवले, तर तो पाच वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र गुन्हा ठरू शकतो. शिवाय निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब मुदतीत सादर केला नाही तर अपात्रतेची टांगती तलवार आहे, आणि पॅम्प्लेट, रिक्षा, चहा-वड्यांच्या पावत्या चिकटवत तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणारे उमेदवार या तालुक्यांत कमी नाहीत. गुंजवणी खोऱ्यातल्या एखाद्या आरोग्यसंस्थेला परदेशातून मदत घ्यायची असेल, तर २०२० च्या दुरुस्तीनुसार तिचे खाते नवी दिल्लीतील एका ठरावीक बँकशाखेतच हवे. पक्षाच्या तिजोरीपाशी आल्यावर मात्र हीच सगळी कडक शिस्त गळून पडते. पक्षाच्या एकूण खर्चाला तर मर्यादाच नाही.

यावर सुशिक्षित मंडळी सांगतात की, कंपनी येथे कर भरते, रोजगार देते, मग देणगीत वावगे काय? कर भरल्याने मताचा अधिकार मिळत नाही. कर तर बाजारात काडेपेटी घेणारी म्हातारीही भरते, आणि तिला मत आहे ते ती नागरिक आहे म्हणून. गुंतवणुकीची मर्यादा देशाला किती भांडवल लागते हे पाहून ठरवलेली असते, किती राजकारण विकायचे हे पाहून नव्हे. दुसरा आक्षेप असा की, सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा प्रश्न मिटला. त्या निकालाने देणगीची गुप्तता आणि कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा उठवणे या गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. ‘परकीय स्रोता’ची बदललेली व्याख्या त्याने पुसली नाही.

आणि ज्यांना हे सारे बारीकसारीक तांत्रिक वाटते, त्यांनी नसरापूरच्या पूर्वेला दिसणाऱ्या पुरंदरकडे पाहावे. १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावाने पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांकडून अडीच हजार सैन्य मागितले आणि बदल्यात साष्टी व वसई देऊ केली. तो तह रद्द करणारा करार १ मार्च १७७६ रोजी पुरंदरावर झाला, तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मदत देणारी तीही एक व्यापारी कंपनीच होती.

येत्या कोणत्याही निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही चिन्हाचा असो, मतदारांनी चारचौघांत विचारावे: २०१६ च्या वित्त कायद्याचे कलम २३६ आणि त्याला जोडलेली १९७६ ची तारीख रद्द करण्याची लेखी मागणी तुम्ही आपल्या पक्षाकडे कराल का? ‘वरिष्ठ पातळीवर विचार चालू आहे’ असे उत्तर आले, तर तो नकार समजून नावासह लिहून ठेवावा.