झालं का बघून?

'कव्हर' या शब्दाशी माझं भांडण आहे. पासबुकाला कव्हर असतं, गादीला असतं, शाळेच्या वहीला जूनमध्ये घालतात आणि जुलैत ते फाटतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे भावोजी चहात शंकरपाळं बुडवत म्हणाले, "आज पुणं कव्हर करून टाकू," तेव्हा माझ्या हातातली चकली तुटली. चकली सौ.ची होती. ती तुटते याचाच अर्थ धक्का किती जबर होता, हे घरच्यांना कळलं.

ताई आणि भावोजी नागपूरहून भाऊबीजेला आले होते. भावोजी माणूस लाख मोलाचा. उसने पैसे मागत नाहीत, घोरत नाहीत, माझे विनोद पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवून हसतात. पण त्यांच्या मोबाइलमध्ये यादी होती. शनिवारवाडा, अर्धा तास. लाल महाल, बाहेरून. विश्रामबागवाडा, रिक्षातून. केळकर संग्रहालय, पंचवीस मिनिटं. जेवण. सारसबाग, पर्वती, बाकरवडी. प्रत्येक नावापुढे एक चौकोन, आणि त्या चौकोनात बरोबरची खूण करायची सोय.

आता या खुणेच्या बाबतीत मी अधिकारवाणीने बोलू शकतो. बँकेत मी बावीस वर्षं हेच करतोय. व्हाउचरवर टिक करताना व्हाउचर वाचायचं नसतं. आकडा जुळला, टिक मारली, पुढचं उचललं. संध्याकाळी विचारा, दिवसभरात कोणाकोणाचे पैसे पाहिलेस? एकाचंही नाव आठवणार नाही. आणि आठवू नये हेच बरं. पण व्हाउचर बघायला कोणी बायकापोरांना घेऊन नागपूरहून रात्रभर प्रवास करून येत नाही!

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी पहिला खोळंबा झाला. त्या दरवाजाला हत्तीने धडक देऊ नये म्हणून टोकदार खिळे ठोकलेले आहेत. नऊ वर्षांच्या भाच्याने मान वर करून ते मोजायला सुरुवात केली. एका फळीला ७२ खिळे असल्याचं मी वाचलं होतं, पण मी गप्प बसलो. पोराचा मोजणीचा आनंद आपण कशाला हिरावून घ्या? तो एक्केचाळीसपर्यंत पोचला आणि भावोजींनी त्याचा दंड धरला. "अरे, दार काय बघतोस, आत बघायचंय!"

आत गेलो. आत भावोजींचा चेहरा पडला. "इथं तर काहीच नाही हो!"

खरं होतं. १७३० साली पाया घातलेला, १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८च्या आगीत जळाला. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. वाडा बांधायला १६,११० रुपये खर्च आला असं सांगतात. आज एवढ्या कर्जाचा अर्ज घेऊन कोणी आमच्या काउंटरवर आला, तर साहेब त्याला 'मित्राकडून घ्या' म्हणतील. पण माझा मुद्दा निराळा आहे. जे नाही ते बघायला उभं राहावं लागतं, हो! नारायणराव पेशवे १७७३ साली इथेच कुठेतरी 'काका, मला वाचवा' करत धावले, हे जोत्यावर पाच मिनिटं स्वस्थ बसल्याशिवाय अंगावर येत नाही. आम्ही बसलो नाही. आम्ही फोटो काढले. सतरा फोटो. त्यांतल्या चौदांत वाडा नाही, ताईच्या नव्या पैठणीचा पदर आहे.

लाल महाल बाहेरून झाला. विश्रामबागवाड्याच्या सुरेख कोरीव लाकडी सज्जाखालून रिक्षा नेमकी हिरव्या सिग्नलला गेली. पुण्यात एरवी कधी सिग्नल हिरवा मिळत नाही, त्या दिवशी मिळाला.

मग केळकर संग्रहालय. भावोजींनी पाटी वाचली, 'राजा दिनकर केळकर', आणि विचारलं, "हे कुठल्या संस्थानचे राजे?"

मी सांगितलं, संस्थान वगैरे काही नाही. दिनकर केळकर हे कवी होते, 'अज्ञातवासी' या नावाने लिहायचे. राजा हा त्यांचा मुलगा. लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी या माणसाने जन्मभर गावोगाव हिंडून, जुने वाडे धुंडाळून, दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, भांडी, कुलपं असं कायकाय गोळा केलं आणि सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. १९९० साली गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

आई पायरीवरच थांबली. "पोराचं नाव लावलंय होय," एवढंच म्हणाली.

"चला, चला," भावोजी म्हणाले. "पंचवीसच मिनिटं आहेत."

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे माझं डोकं अशा वेळी नको तो हिशेब करतं. संग्रहात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, मांडलेल्या सुमारे अडीच हजार. पंचवीस मिनिटं म्हणजे १,५०० सेकंद. म्हणजे एका वस्तूला सेकंदाचा सहा दशांश भाग. एवढ्या वेळात माणसाची फार तर पापणी लवून होते. एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याला आम्ही जिन्यावरच्या चढउतारासकट पंचवीस मिनिटं मंजूर केली होती. वर कोथरूडचा मस्तानी महाल तिथे आणून उभा केलेला पाहून भावोजी खूश झाले. "वा! एका तिकिटात दोन. आता कोथरूडला जायला नको."

भाचा अडकित्त्यांपाशी अडकला. अडकित्त्यांपाशी माणूस अडकणारच, नावातच आहे. कोणी घोड्याच्या आकाराचा, कोणी माणसांच्या जोडीचा. "मामा, सुपारीच फोडायची तर त्याला एवढं नटवायचं कशाला?" त्याने विचारलं. दिवसभरातला हा एकमेव शहाणा प्रश्न. याचं उत्तर द्यायचं तर जेवणानंतरचं तबक, पानसुपारीची बैठक, घरी आलेल्याला घाई करायची नाही ही जुनी रीत, सगळं सांगावं लागलं असतं. मी तोंड उघडलं तोच भावोजींनी घड्याळाकडे बोट केलं.

आणि आता कबुलीजबाब. या सगळ्या खटल्यात भावोजींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला सोपं आहे. पण स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या कपाटापुढे आई उभी होती. एका नारळाच्या खवणीकडे बघत होती. काचेला नाक लागेल इतकी जवळ. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली, जेवायला रांग लागायची भीती, आणि मागून मी, तिचा सख्खा मुलगा, म्हणालो, "झालं का बघून?"

"झालं," आई म्हणाली आणि पदर सारखा करून चालू लागली.

झालं नव्हतं. घरी येऊन चार दिवस ती त्या खवणीबद्दल काही बोलली नाही, त्यावरूनच मला कळलं.

म्हणून मी हे सगळं तावातावाने लिहितोय. हा रोग एकट्या नागपूरचा नाही. आम्ही पुणेकर गणपतीत काय करतो? कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. पाच मानाचे आणि सहावा दगडूशेठ, दोन तासांत! घरी आल्यावर एखाद्याला विचारा, तुळशीबागेच्या गणपतीचा चेहरा कसा होता? तो पुढच्या माणसाचं टक्कल कसं होतं ते सांगेल. पाडव्याच्या पहाटे सारसबागेत पणत्या लागतात, गाणी होतात. तिथे साडेपाचला झब्बा घालून येणारी मंडळी सहाला निघतात, कारण सव्वासहाला दुसरी दिवाळी पहाट गाठायची असते. गाणारा अजून सूर लावतोय, आणि यांचं ऐकून झालंसुद्धा.

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. भावोजींनीच ते दिलं, पर्वतीच्या पायथ्याशी. वर जायला १०३ पायऱ्या. आईचे गुडघे आणि माझा दम बघता पर्वती खालूनच कव्हर झाली होती. ते म्हणाले, "तुमचं बरं आहे हो. तुम्ही इथेच राहता, कधीही याल. मला वर्षातून चार दिवस रजा मिळते. पोराला सगळं दाखवायचंय. पुन्हा येणं होतंय की नाही, कोणी सांगावं?"

मी गप्प झालो. रजेचं दुःख नोकरदाराला सांगावं लागत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला सुचलं (वादातले मुद्दे मला नेहमी रात्री सव्वाअकरा वाजता सुचतात) की बुवा, पुन्हा येणं होणार नसेल तर उलट एकच गोष्ट धरायला हवी होती. त्या पोराला ते ७२ खिळे पुरते मोजू दिले असते, तर शनिवारवाडा जन्मभर त्याचा झाला असता. आणि आम्ही इथेच राहतो म्हणून काय झालं? कधीही जाता येतं म्हणून मी त्या संग्रहालयात यापूर्वी केव्हा गेलो होतो? शाळेच्या सहलीला. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "रांगेत चला, हात लावू नका."

पंधरा दिवसांनी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. आईला रिक्षात घातलं आणि थेट त्या कपाटापुढे नेऊन उभं केलं. दुसरं काही बघायचं नाही असं आधीच ठरवलं होतं.

"अशीच होती आपल्याकडे," आई म्हणाली. "तुझ्या आजीची. मोडीत घातली. मीच घातली. मला स्टीलचा डबा हवा होता."

त्या डब्यात आमच्याकडे अजून पोहे असतात. मी चाळीस वर्षं त्यातले पोहे खातोय आणि मला हे माहीत नव्हतं!

मागे कॉलेजातल्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आजी, ही धरायची कशी?" आईने गुडघ्यांची पर्वा न करता जरा वाकून, हवेतल्या हवेत पाय दाबून, हवेतल्या नारळाची वाटी फिरवून दाखवली. करवंटीचा काळा कीस खोबऱ्यात येऊ न देण्याची युक्तीसुद्धा सांगितली. पाटीवर लिहून मावण्यासारखं ते नव्हतं. चाळीस मिनिटं गेली. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. म्हणजे एकदाच पाहिलं, पण आईच्या नकळत.

परतताना रिक्षा शनिवारवाड्यावरून घ्यायला लावली. आईला आत बसवून मी दिल्ली दरवाजापुढे उभा राहिलो आणि बोटाने खिळे मोजू लागलो. नऊ आडव्या रांगा, आठ उभ्या. एक सुरक्षारक्षक संशयाने बघत होता. संध्याकाळी नागपूरला फोन लावला, भाच्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "ऐक. बहात्तर."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मामा, तू कुठली फळी मोजलीस? ज्या फळीत ते आपण आत शिरलो ते छोटं दार आहे, ती की दुसरी?"

"दुसरी," मी म्हणालो.

"मग छोट्या दारावर किती आहेत?"

ते मी मोजले नव्हते.