मैदानावरची ती आणि आपले चरित्रवाङ्मय

मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभिमान आपण वर्गात नेहमीच व्यक्त करतो. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 साली आल्या, पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. माजघर, शिक्षण, वैधव्य, चळवळ असे कितीतरी अनुभव या परंपरेने शब्दांत आणले. मात्र धावणारी, घसरून पडणारी, पुन्हा उठून पळणारी स्त्री तीत क्वचितच भेटते.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी ही उणीव अधिक टोचते. येथे महाविद्यालयात येणाऱ्या मुलीचा खेळ बहुधा तीन वर्षांचा. मग पदवी, लग्न आणि प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी. ती किती वेगाने पळत असे, हे सांगणारे मागे कोणी उरत नाही.

याच मराठवाड्यात, उस्मानाबादेत (आताचे धाराशिव), सारिका काळे घडल्या. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या ओढगस्तीत एका वेळच्या जेवणावर दिवस काढल्याचे त्यांनीच सांगितले आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असे हरवले, तेव्हा कर्णधार होत्या मूळच्या बीड जिल्ह्यातील प्रियांका इंगळे. या नऊ वर्षांत एका कादंबरीचा ऐवज आहे. आपण मात्र कात्रणांवर भागवतो.

अमेरिकेत महिलांचा महाविद्यालयीन सॉफ्टबॉल बळावला तो शिक्षणातील लिंगभेद रोखणाऱ्या 1972 च्या कायद्यानंतर. फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षिका मार्गी राईट यांच्या कारकिर्दीत (1986 ते 2012) 1998 चे राष्ट्रीय अजिंक्यपद आहे. तसाच स्त्रियांच्या संघांना समान सोयी मिळाव्यात म्हणून स्वतःच्याच विद्यापीठाशी घेतलेला झगडाही आहे. चरित्राला विषय पुरवतो तो असा झगडा. नुसता गुणफलक नव्हे.

खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही आणि उठल्यावर मागे फिरायचे नाही, हा खो-खोचा नियम. त्यात मुलींच्या आयुष्याचे रूपक शोधण्याचा मोह समीक्षकाला होईल. तो आवरावा. आधी तपशील हवा: बूट कोणी घेऊन दिले, सरावासाठी घरी कोणाची परवानगी लागली, उशीर झाला तर परतीची एस.टी. मिळत होती का?

पदव्युत्तर वर्गाला प्रकल्प द्यावा लागतोच. त्याच त्या संग्रहांतील प्रतिमासृष्टी पुन्हा तपासण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील एका जुन्या महिला खेळाडूला भेटून तीस पाने लिहावीत. त्यातील काहीजणी आज साठी-सत्तरीच्या आहेत. आपला अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्या आठवणींपाशी नाही.