पुरे आता, ऊठ!

शिरूरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात (आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात) परवा समोरच्या बाकावर एक पोरगा बसला होता. विशीतला. चहावर साय धरली तरी पत्ता नाही. मोबाइलची काच कोपऱ्यात तडकलेली आणि त्या तड्याखालून रमीचे पत्ते सरकत होते. मधेच अंगठा थांबला, ओठ हलले, मोबाइल पालथा पडला. दोन मिनिटांनी पुन्हा सुलटा.

"पैशाचा आहे का रे?"

"नाही काका, ते बंद झालं. आता नुसते पॉइंट."

"मग तोंड का उतरलं?"

तो हसला. उत्तर दिलं नाही.

बंद झालं, हे खरं. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा दोन दिवसांत मंजूर केला आणि मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव लगेच गुंडाळले. त्याच्या महिनाभर आधी आपले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ रोहित पवारांनी टाकला होता. मी खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात घालवत होतो, असं कोकाटे म्हणाले. शेवटी कृषी खातं दत्तात्रय भरणेंकडे गेलं आणि कोकाटेंना क्रीडा खातं मिळालं. त्यावरचा विनोद तुमचा केव्हाच करून झाला असेल, मी पुन्हा करत नाही. मला वेगळीच शंका आली. आजूबाजूला एवढी माणसं असताना कोपराने ढोसून 'साहेब, ठेवा की ते' म्हणणारं कुणीच कसं नव्हतं?

या खेळांची वकिली इतकी वर्षं एकाच मुद्द्यावर चालली: रमी हे कौशल्य आहे, नशीब नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली तसं म्हटलंय. पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात, कोणता धरायचा, कोणता टाकायचा याला डोकं लागतं. म्हणून तिरट खेळणारा पोलिसांच्या गाडीत आणि रमीच्या जाहिरातीत सिनेमातले नट. पण कौशल्य आणि नशीब यांच्यातला बांध आमच्या भागात फार टिकत नाही. कापसाला काय कमी कौशल्य लागतं? सप्टेंबर 2025च्या अतिवृष्टीत तोच कापूस बीड जिल्ह्यात पाण्यात उभा राहून काळा पडला.

मी काही सोवळा नाही. पारावर पत्ते कुटत लहानाचा मोठा झालो, आजही रात्री मोबाइलवर ल्यूडो खेळतो. पण पारावर पैसा हरला तरी तो गावातच राहायचा. जिंकणारा दुसऱ्या दिवशी चहा पाजायचा, नाहीतर शिव्या खायचा. शिवाय कुणाची तरी म्हातारी काठी टेकत यायची आणि चार माणसांत म्हणायची, "मेल्या, बैलं उपाशी हायती, ऊठ!" तो उठायचा. लाजेनं, पण उठायचा. मोबाइलमधल्या डावाला म्हातारी नाही. तिथं पत्ते वाटणारा दिसतच नाही आणि तुम्ही उठू नये, यातच त्याची कमाई.

माझ्या ओळखीच्या एका घरात ऊसतोडीसाठी मुकादमाने आगाऊ दिलेली उचल पोराच्या खात्यावर आली, कारण मोबाइल त्यालाच कळतो. कारखाना सुरू व्हायच्या आत ती अ‍ॅपमध्ये गेली. आईबाप मात्र ठरल्या दिवशी ट्रॅक्टरवर चढले. पैसा कुठेही जावो, उचल कोयत्यानेच फेडायची असते. तो ऊस तोडताना त्या बाईने किती कौशल्य लावलं असेल, हे कुठल्या कोर्टात मांडायचं?

म्हणून बंदी या शब्दाचा एरवी कंटाळा असूनही या कायद्याच्या बाजूने मी आहे. त्यात खेळणाऱ्याला नव्हे, खेळ मांडणाऱ्याला शिक्षा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाराही सुटत नाही. बच्चू कडू 2023मध्ये सचिन तेंडुलकरच्या घरासमोर त्याच्या अशाच जाहिरातीविरुद्ध जाऊन बसले, तेव्हा पुष्कळांना तो तमाशा वाटला होता. मलाही. आता तसं वाटत नाही.

एवढ्यात हॉटेलवाला फडकं झटकत आला. "ऊठ की रे, गिऱ्हाईक उभंय."

पोरगा उठला. गार चहा एका घोटात संपवला, त्याच मोबाइलने पैसे दिले आणि मान खाली ठेवूनच पाथर्डीच्या गाडीकडे निघाला.

— सिंदफणाकाठकर